आमचा माळकरी गेला

दुसरा नंबर (धागा)

परवा त्याचं तेरावं झालं. तरडगावाहून साताऱ्याला परत आलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. झोप येईना म्हणून इथं लिहायला बसलोय. आपल्या कट्ट्यावर शाळेतले बरेच जण आहेत, काहींना बातमी अजून कळलेली नसेल.

त्याचं नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. आमच्या बॅचला नावाची गरजही नाही. गळ्यात तुळशीची माळ असलेली पोरं वर्गात आणखी दोन-तीन होती, पण 'माळकरी' म्हटलं की तो एकटाच. दिवाळीत पोटात दुखायला लागलं, स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला आणि वैशाखात तो गेला. आजारपणाबद्दल एवढंच.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आठवीत तो साताऱ्याला आला, वसतिगृहात राहायला. घरची शेती, घरात तीन पिढ्यांची वारी. आमच्या शाळेचं मैदान दोनशे मीटरचं, तेही धड गोल नाही. एका कोपऱ्यात चिंचेचं झाड होतं, त्याला वळसा घालून फक्कीची रेघ मारायचे. तोवर लांब पल्ल्याला शाळेत मी पहिला यायचो. त्या वर्षी १५०० मीटरला, म्हणजे साडेसात फेऱ्यांना, आम्ही वीस-बावीस पोरं उभी राहिलो. पाचव्या फेरीत चिंचेच्या वळणावर एक अनवाणी पोरगा बाहेरच्या बाजूनं माझ्या पुढं गेला. धापा नाहीत, हातांची ओढाताण नाही. बाजार उरकून घरी निघालेला माणूस चालतो तसा पुढं गेला.

त्यानंतरची तीन वर्षं मी त्याच्या टाचा बघितल्या. अजून दिसतात. भेगा पडलेल्या, फक्कीनं पांढऱ्या झालेल्या, आणि डाव्या टाचेच्या वर खुरपं लागल्याची जुनी खूण, नखाएवढी. पळताना ती खूण वर-खाली व्हायची. ती माझ्यापासून किती लांब आहे त्यावरून मला कळायचं की आज माझं कसं चाललंय. इथं मी 'दुसरा नंबर' हे नाव का घेतलं, हे काही जणांनी विचारलं होतं. ते त्या टाचांवरून घेतलंय.

तो पहाटे चारला उठायचा. गार पाण्यानं अंघोळ, कपाळाला बुक्का, आणि मग समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढून वर देवळापर्यंत पळत जायचं आणि परत यायचं. नववीपासून मीही जायला लागलो. २०१२ पासून त्या घाटात हिल हाफ मॅरेथॉन होते, बाहेरून हजारो माणसं येतात, जागोजागी पाणी ठेवलेलं असतं, ढोल वाजतात. तेव्हा आम्ही दोघं आणि एखादी दुधाची गाडी. चढाला तो बोलायचा नाही. खाली शहराचे दिवे, पलीकडं अजिंक्यताऱ्याचा काळा डोंगर, आणि डांबरावर त्याच्या अनवाणी पायांचा आवाज. वर महादेवासमोर हात जोडून उभा राहायचा, पाच-सहा श्वास, जास्त नाही. मग म्हणायचा, "चल. उतारावर गुडघं संभाळ."

एकदा धो धो पाऊस होता. मी म्हटलं, आज राहू दे. तो म्हणाला, "राहू दे म्हनायला ते माझ्या हातात हाय व्हय? नेम हाय त्यो." संध्याकाळचा हरिपाठही तसाच. लाइट गेली असो, शेजारी पोरं दंगा करत असोत, गादीवर मांडी घालून तोंडातल्या तोंडात अख्खा म्हणायचा. कुणाला गप्प बसा म्हणून सांगितलेलं मला आठवत नाही.

पीटीच्या सरांचा त्याच्यावर फार जीव. सर म्हणाले, अंगात काही नाही तुझ्या, रोज दोन अंडी खा, पैसे मी देतो. तो म्हणाला, "सर, माळ हाय." सर आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी स्वतःच भिजवलेले हरभरे आणि गूळ-शेंगदाणे फडक्यात बांधून घेऊन आले. पुढं ते फडकं रोज यायचं, आम्हा दोघांसाठी.

जिल्ह्याच्या स्पर्धेला एका पंचानं त्याला रेघेवर अडवलं. गळ्यातलं काढ म्हणाला. हा म्हणाला, "काढता येत न्हाई." मग पळता येणार नाही, असं पंचानं सांगितलं. हा दोन पावलं मागं सरकून उभा राहिला. भांडला नाही, डोळ्यांत पाणी नाही, नुसता उभा. सर मैदान ओलांडून आले, खिशातला पांढरा रुमाल काढला, त्याची पट्टी केली, माळेवरून गळ्याभोवती गुंडाळली आणि मानेमागं गाठ मारली. पंचाला म्हणाले, "आता काही दिसतंय का?" पंचानं मान हलवली. ३००० मीटर तो जिंकला. मी दुसरा.

विभागीय स्पर्धेचा दिवस नेमका कार्तिकी एकादशीचा निघाला. सरांनी निघतानाच मोती चौकातून पावशेर कंदी पेढे घेतले होते, उपासाला चालतात म्हणून. साबुदाण्याची खिचडी, दोन केळी आणि चार पेढे खाऊन तो उभा राहिला आणि चौथा आला. पुढं जायला पहिल्या दोघांत यावं लागत होतं. दहावीनंतर तो गावी शेतीवर गेला आणि स्पर्धा संपल्या.

तेराव्याच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "देवाच्या नादानं मागं राहिला, न्हाईतर कुठल्या कुठं गेला असता." तेव्हापासून ते वाक्य मनातून जात नाही. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही. ज्यांना तो आठवतो त्यांनी लिहा.

पोवई नाका

मला आत्ता कळतंय. काय बोलू? मागच्या वर्षी पालखीच्या वेळी लोणंदला भेटला होता. दहा-पंधरा वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळत बसला होता. मला बघून उठला नाही, हातानंच म्हणाला बस. मीही बसलो आणि एका आजोबांचे पाय घेतले. आमची भेट ती एवढीच.

रोखठोक

लिहावं की नाही असं वाटत होतं, पण धाग्यावर सगळं खरं यावं म्हणून लिहितो. मी त्याच बॅचचा, रिलेच्या संघातला.

पंगतीत जो कोणी बोलला तो काही चुकीचं बोलला नाही. सरांनी त्याच्यासाठी किती केलं. शाळेनं पदरमोड करून त्याला नेलं. वर्षभराची मेहनत, आणि पळायच्या दिवशी माणूस खिचडी खाऊन उभा राहतो? एक एकादशी सोडली असती तर पांडुरंग काय रागावला असता? तो राज्याला गेला असता. राज्याला गेला असता तर पुढं कुठंतरी नोकरी लागली असती, आयुष्य वेगळं झालं असतं. खाशाबा झाला असता असं म्हणत नाही मी, पण आपल्या जिल्ह्याला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीचं ऑलिंपिक पदक आणून दाखवलंय. खेड्यातल्या पोराला काय जमतं हे आपल्याला माहीत आहे, म्हणून जास्त लागतं.

मी त्या गोष्टीवरून त्याच्याशी दहावी संपेपर्यंत बोललो नाही. तो रोज समोर आला की हसायचा. मी मान फिरवायचो. ते मात्र माझं चुकलं.

दुसरा नंबर

तू लिहिलंस ते बरं झालं. तुझा राग मला माहीत आहे, आणि तो मायेपोटी होता हे त्यालाही माहीत होतं.

पण त्या दिवशीचा उपास तू वेगळा काढून बघतोयस. पावसात घाट चढणारा तोच, ताप असताना हरिपाठ म्हणणारा तोच आणि एकादशीला खिचडी खाणाराही तोच. नेमाला सोयीचा दिवस बघून सुट्टी द्यायची सवय त्याला असती, तर घाटातही त्यानं सुट्टी घेतली असती. मग विभागीयपर्यंत पोचला असता का? मी पहाटे कितीतरी वेळा गेलो नाही. म्हणून मी दुसरा.

धावपट्टी

मी तुमच्या शाळेचा नाही, मूळचा सांगलीचा. गेली वीस वर्षं मुलांना लांब पल्ल्याचं शिकवतो. धागा वाचून राहवलं नाही.

उपासामुळं तो हरला हे मला पटत नाही. ३००० मीटर ही शाळकरी मुलासाठी साधारण दहा मिनिटांची शर्यत. तेवढ्याला लागणारी साखर स्नायूंत आदल्या दिवसाच्या जेवणातूनच साठलेली असते. रिकाम्या पोटाचा खरा फटका बसतो तो मॅरेथॉनसारख्या पल्ल्याला, तीस किलोमीटरच्या पुढं. आणि त्याचं पोट रिकामं होतंच कुठं? साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. वर केळी, वर पेढे. खिचडी तुपकट असेल आणि शर्यतीच्या तोंडावर खाल्ली असेल तर पोट जड वाटू शकतं, इतकंच. माळकऱ्याचं रोजचं हरभरे, शेंगदाणे, गूळ, दूध हे खाणंही धावणाऱ्याला उत्तम. अंड्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं.

मला एक विचारायचंय. विभागीयचं मैदान चारशे मीटरचं होतं का? आणि त्याआधी तो कधी चारशेवर पळाला होता का? शेवटची फेरी कशी गेली ते आठवत असेल तर सांगा.

दुसरा नंबर

मैदान चारशेचंच होतं. आम्हा दोघांनाही ते पहिल्यांदाच दिसलं. जिल्ह्याची स्पर्धा दोनशेवर झाली होती. पायात शाळेचे स्पाइक्स होते, एकच जोड होता सगळ्यांत मिळून, त्याला दोन नंबर मोठा. पुढं चिंधी कोंबली होती. त्याआधी तो कायम अनवाणी पळायचा.

शेवटची फेरी मला पावलापावलानं आठवते, कारण मी तेव्हा कुंपणाला टेकून उभा होतो. घंटा वाजली तेव्हा तो दुसरा होता आणि अगदी मजेत होता. घंटा वाजताच मागची दोघं आणि पुढचा एक असे तिघंही सुटले. हा आपल्या चालीनं पळत राहिला. समोरच्या सरळ पट्टीत तो वीस मीटर मागं पडला. मग शेवटच्या वळणाला, दोनशे मीटर राहिले असताना, त्यानं सोडलं. आयुष्यात मी त्याला तसं पळताना बघितलं नाही. तिघांपैकी तिसऱ्याच्या खांद्याला खांदा लागला आणि रेघ आली.

संपल्यावर तो अजिबात दमलेला नव्हता. मला म्हणाला, "लका, अजून एक फेरी असती तर?"

धावपट्टी

मग उत्तर मिळालं. शाळेच्या मैदानावर शेवटची फेरी म्हणजे दोनशे मीटर. तीन वर्षं त्याच्या अंगात तेच बसलं होतं, की शेवटच्या फेरीला दोनशेवर सुटायचं. चारशेच्या मैदानावर घंटा वाजते ती चारशे राहिले असताना, आणि मोठ्या मैदानावर सराव केलेली मुलं तिथूनच सुटतात. तो नेहमीच्याच जागी सुटला, म्हणजे दोनशे मीटर उशिरा. पायात परके स्पाइक्स. आणि तरी चौथा, तोही खांद्याच्या फरकानं. असा मुलगा माझ्या हाताखाली आला असता तर मी त्याला वर्षभरात राज्यात पहिला केला असता, एकादशीसकट.

सरांची लेक

नमस्कार. पीटीच्या सरांची मी मुलगी. शाळेत तुमच्या दोन वर्षं मागं होते.

एक दुरुस्ती करते. रुमाल नुसता पांढरा नव्हता, त्याला निळी किनार होती. आईनं कोपऱ्यात बाबांच्या नावाचं अक्षर विणलं होतं. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्या घरी आला. रुमाल धुऊन, वाळवून, वहीत ठेवून सपाट केलेला. इस्त्री कुठली असणार वसतिगृहात. आई म्हणाली, राहू दे तुला. तो म्हणाला, "सरांचा हाय, पुन्हा लागंल." आणि खरंच बाबा पुढं प्रत्येक स्पर्धेला तो रुमाल खिशात घेऊन जायचे.

बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. ऐकू कमी येतं. काल रात्री हा सगळा धागा मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं वाचला. बातमी त्यांना आधी माहीत होती. घंटेचा भाग आला तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि तेवढाच पुन्हा वाचायला लावला. मग बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "त्याचं काही चुकलं नाही. घंटेला निघायचं असतं हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मी स्वतः चारशेचं मैदान तेव्हा पहिल्यांदाच बघत होतो."

त्यांनी हे इथं लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं.

रोखठोक

सरांना माझा नमस्कार सांग ताई. मी या रविवारी भेटायला येतो. इतकी वर्षं मी एकादशीला दोष देत होतो. आता काय बोलू कळत नाही.

खोली क्रमांक सात

अस्सलाम आलेकुम आणि रामकृष्ण हरी, दोन्ही. माळकरी मला असंच म्हणायचा.

वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत रमजान आला होता. घरचं कुणी जवळ नाही, सहरीला उठवणार कोण? पहिल्याच दिवशी माझी सहरी चुकली आणि तसाच रोजा धरून मी पेपरला गेलो. संध्याकाळी त्यानं विचारलं, किती वाजता उठायचं असतं? मी वेळ सांगितली. त्याचा चारचा नेम होता. त्या महिन्यापुरता त्यानं तो साडेतीनवर आणला. "तू खा, मी आंघूळ करतो," म्हणायचा. फडक्यातले हरभरे रात्रीच अर्धे काढून माझ्यासाठी वाटीत झाकून ठेवलेले असायचे. खिडकीच्या या बाजूला माझी नमाज, त्या बाजूला त्याचा काकडा, मधे एक कंदील आणि भूमितीचं पुस्तक.

त्यानं मला कधी तुमच्यात असं का आणि तसं का, असलं काही विचारलं नाही. मी एकदा विचारलं, तुला पळताना देव आठवतो का रे? तो म्हणाला, "पळताना काय आठवत न्हाई. म्हनून तर पळतो."

मी आता मिरजेत असतो. बातमी कळली त्या दिवशी मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन त्याच्यासाठी दुवा केली. त्याला चाललं असतं, मला खात्री आहे.

कालव्याकडची

मी या धाग्यावरच्या सगळ्यांपेक्षा लहान आहे. आमच्याच गावचे ते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. तुम्ही लिहिलंय की दहावीनंतर स्पर्धा संपल्या. अण्णांच्या संपल्या असतील, आमच्या त्यांच्यामुळंच सुरू झाल्या.

आमच्याकडं नीरा उजव्या कालव्याच्या भरावावर अण्णा पहाटे पोरांना पळवायचे. फी नाही, क्लासचं नाव नाही, पाटी नाही. भरावावर दिवे नव्हते. हिवाळ्यात तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. अण्णा पुलावर टाळ घेऊन उभे राहायचे आणि एका लयीत वाजवायचे. आम्ही बाभळीपर्यंत जायचं, आणि परत येताना टाळाच्या आवाजाकडं पळायचं. लय वाढली की पाय उचलायचे. घड्याळ होतं त्यांच्याकडं, पण ते आमच्यापैकी कुणालातरी धरायला द्यायचे. सगळ्यात हळू पळणाऱ्या पोरीला द्यायचे, म्हणजे ती रोज येईल. ती मी होते.

पोरींना पोलीस भरतीत ८०० मीटर असतं आणि पोरांना १६००. पहिल्या वर्षी मी मैदानी चाचणीतच बाहेर पडले. घरी म्हणाले, पुरे आता. अण्णा आमच्या ओट्यावर येऊन बसले, वडिलांना म्हणाले, "दादा, पोरीचा नेम मोडू नका. एक वरीस द्या." वडिलांनी दिलं. आज मी पोलिसात आहे.

१५ ऑगस्ट २०१६ ला ललिता बाबर रिओत अंतिम फेरीत पळणार होत्या. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या, दुष्काळी भागातल्या. पी. टी. उषा यांच्यानंतर ३२ वर्षांनी आपली बाई ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचली होती. शर्यत आपल्याकडं संध्याकाळी होती, नेमकी हरिपाठाच्या वेळेला. अण्णांनी देवळात सांगून हरिपाठ लवकर सुरू करवला, वगळला मात्र नाही. मग तीस-पस्तीस पोरं-पोरी सभामंडपातल्या टीव्हीसमोर. तीन हजार मीटर स्टीपलचेस, २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. अण्णा बोटांवर प्रत्येक उडी मोजत होते. त्या दहाव्या आल्या. एक पोरगं म्हणालं, पदक न्हाई मिळालं. अण्णांनी त्याला जवळ ओढलं आणि म्हणाले, "जगात धावी हाय ती. मोहीतनं गेलीय. हितनं किती कोसावर हाय मोही?" रात्री आम्ही जेवायला घरी गेलो तर अण्णा अंधारात कालव्यावर निघालेले. सकाळी पळून झालं होतं त्यांचं. पुन्हा निघाले होते.

आणि २०२० ची वारी. त्या वर्षी पायी वारी झाली नाही, पादुका दशमीला एसटीनं पंढरपूरला गेल्या. तीन पिढ्यांत अण्णांच्या घरची वारी चुकली नव्हती. त्यांनी काय केलं, तर आळंदीहून पालखी ज्या दिवशी निघते त्या दिवसापासून रोज तेवढ्या अंतराच्या फेऱ्या स्वतःच्या उसाच्या बांधावरून घातल्या. गळ्यात वीणा, पायात काही नाही. निंबाखाली खड्यांचा ढीग, एक फेरी झाली की एक खडा पलीकडं. अडीचशे किलोमीटर. ज्या दिवशी लोणंदचा मुक्काम असतो, त्या दिवशी बांधावर थांबून आम्हाला लांबूनच म्हणाले, "आज मुक्काम हाय. पानी प्यायला या." आम्ही गेलो. बांधाच्या एका अंगाला ते, दुसऱ्या अंगाला आम्ही.

तो खड्यांचा ढीग अजून निंबाखाली आहे. काकूंनी हलवू दिला नाही.

नवीन सदस्य

मी विदर्भातली आहे, धागा वाचून डोळे भरून आले. एक विचारते, वारीतही धावतात असं ऐकलंय, ते कसं? तुमचे मित्र तिथंही धावायचे का?

दुसरा नंबर

ताई, बरं विचारलंत. हे मी मूळ लेखात लिहिणार होतो, पण रात्री हात थांबला.

माऊलींची पालखी नीरा नदीत पादुकांना स्नान घालून पाडेगावला सातारा जिल्ह्यात येते. लोणंदचा मुक्काम करून तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब लागतो. तिथं पहिलं उभं रिंगण. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना ओळीनं उभ्या राहतात आणि मधून अश्व पळतात. दोन अश्व असतात. एकावर स्वार, हातात पताका. दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माऊलींचा. पुढं माळशिरस तालुक्यात पुरंदावड्याला पहिलं गोल रिंगण. शेतात मोठं वर्तुळ आखतात, मधे पालखी, आणि अश्व पळायच्या आधी वारकरी स्वतः पळतात. पताकावाले, डोक्यावर तुळशीचं वृंदावन घेतलेल्या बाया, वीणेकरी, पखवाजवाले. मग अश्व. ते गेले की लोक टापांखालची माती कपाळाला लावतात.

दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या वारीत मी एसटीनं पुरंदावड्याला गेलो होतो. त्याला पळताना बघायचं म्हणून. विभागीयच्या पराभवातून मी बाहेर आलो नव्हतो. मला वाटत होतं, इथं तरी हा सगळ्यांना मागं टाकेल आणि मी ओरडेन.

पताकावाले सुटले. माळकरी एका म्हाताऱ्याच्या मागं पळत होता. साठी उलटलेला माणूस, पाय वाकडे, धोतराचा सोगा सुटलेला, दर चार पावलांना पताका डुलायची. जिल्ह्यातला सगळ्यात वेगवान पोरगा त्याच्या मागं, दोन हात अंतर ठेवून, त्याच्याच चालीनं. म्हातारा हळू झाला की हा हळू. म्हाताऱ्याला जोर आला की ह्याला जोर. बाजूनं मोकळी जागा होती, बाकीचे पुढं जात होते. हा गेला नाही. त्याची ती डाव्या टाचेवरची खूण मी त्या दिवशी इतक्या संथ चालीत वर-खाली होताना बघितली की मला ओळखू येईना.

संपल्यावर मी चिडून विचारलं, "पुढं का नाही गेलास?" तो हसला. घामानं बुक्का डोळ्यांत उतरला होता, तो पुसत म्हणाला, "आरं, कुनाच्या पुढं जायचं? घोडं येतंय ना मागनं माऊलींचं."

त्या दिवशी मला ते कळलं नाही. मी एसटीत रुसून बसलो होतो. पंगतीतलं वाक्य मला का पटत नाही, ते आत्ता हे लिहिताना उमगतंय. पंगतीतला माणूस म्हणतो देवानं त्याला मागं ठेवलं. मला वाटतं तो विभागीयला पळाला तेही पुरंदावड्याला पळाला तसाच पळाला, आपल्या चालीनं. आणि शेवटच्या वळणावर जे सुटला तेही रागानं नाही. अजून एक फेरी हवी होती त्याला, पदकासाठी नाही, फेरीसाठी.

दरवर्षी आषाढाच्या तोंडावर त्याचा फोन यायचा. "लोनंद ते तरडगाव एवढंच चल. सगळ्यात धाकटी वाट हाय, सायेब मानसाला बी झेपंल." तीस वर्षांत मी एकदाही गेलो नाही. कधी वर्षअखेरची कामं, कधी मुलीची ॲडमिशन, कधी नुसताच पाऊस.

खोली क्रमांक सात

यंदा जाऊया. मी मिरजेहून येतो. मला चालेल ना दिंडीत, असं त्याला एकदा विचारलं होतं. त्यानं मलाच उलट विचारलं, "चालता येतंय न्हवं तुला?"

पोवई नाका

मी आहे. लोणंदला पालखीतळाजवळ माझ्या मेव्हण्याचं घर आहे, आदल्या रात्री तिथं उतरू. दहा-बारा जणांची सोय होईल. फक्त अंथरूण आपापलं आणा.

रोखठोक

मीपण. रविवारी सरांकडं जाऊन आलो. सरांनी चांदोबाच्या लिंबापर्यंत गाडीनं यायचं ठरवलंय, ताई घेऊन येणार आहे. सरांनी मला विचारलं, "तू शेवटची फेरी बघितली होतीस का?" मी म्हटलं, नाही सर, मी रागानं बसमध्ये जाऊन बसलो होतो. सर म्हणाले, "मग चुकवलंस." बाकी काही बोलले नाहीत. चहा झाला, निघालो.

कालव्याकडची

काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, सगळ्यांनी तरडगावला जेवायलाच यायचं, बाहेर कुठं खायचं नाही. पिठलं-भाकरी करणार आहेत. अण्णांची पताका त्यांचा धाकटा घेणार आहे, अकरावीत आहे. तो पळतो चांगला, पण घंटेला की दोनशेला, ते अजून कुणी शिकवलेलं नाही. धावपट्टी सर, तुम्ही येणार असाल तर एक दिवस जास्त राहा. टाळ आहे, कालव्यावर पोरं अजून येतात. सध्या टाळ मी वाजवते, सुट्टी असेल तेव्हा.

धावपट्टी

येतो. दोन दिवस काढून येतो. येताना टेपही आणतो, भरावावर चारशे मीटर मोजून दोन्ही टोकांना खुंटी ठोकू.

सरांची लेक

बाबांनी निळ्या किनारीचा रुमाल शोधायला लावलाय. ट्रंकेत सापडला. धाकट्यासाठी घेऊन येतोय असं सांगा.

दुसरा नंबर

मी आदल्या दिवशी दुपारीच लोणंदला पोचतो. हरभरे मी भिजवून आणतो, दोन किलो. फडकं घरात आहे.